गाणं डॉलीचं, आवाज व्हिटनीचा, मग पैसे कोणाचे?

मे २०२५ च्या शेवटी बातमी आली की अमेरिकन पॉप गायिका टेलर स्विफ्टने तिच्या पहिल्या सहा अल्बमची रेकॉर्डिंग्ज विकत घेतली, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज पडला, "स्वतःचीच गाणी विकत घेतली? मग आधी काय शेजारणीची होती का?" मी हौसेने तीन लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले. कोणालाही काही कळलं नाही, एका काकांनी अंगठा दाखवला आणि विषय गुड मॉर्निंगखाली गाडला गेला.

मग डिसेंबरात नात्यातल्याच एका रिसेप्शनला नवरा-नवरी स्टेजवर आले तेव्हा डीजेने 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' लावलं, अमेरिकन गायिका डॉली पार्टनने लिहिलेलं, पण जगभर गाजलेलं व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात. मला तिथेच सुचलं की मावशीला टेलरवरून सांगण्यापेक्षा या गाण्यावरून सांगितलं असतं तर पटकन कळलं असतं, कारण मालकी, रॉयल्टी, कव्हर, चोरी हे सगळं या एका गाण्याच्या पन्नास वर्षांत येऊन गेलंय. (शिवाय ते लग्नात वाजवायचं गाणं नाही, पण ते पुढे.)

## एका गाण्याचे दोन सातबारे

पहिली गोष्ट ही डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं आहे. आपण ज्याला 'गाणं' म्हणतो त्या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल, जी कागदावर लिहून ठेवता येते, कोणी न गाताही असते. दुसरी म्हणजे कोणीतरी एका दिवशी एका स्टुडिओत ते गाऊन ठेवलेलं रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर शब्द-चाल ही जमीन आणि रेकॉर्डिंग हे त्या जमिनीवर काढलेलं पीक. जमीन एकाच्या नावावर, पीक दुसऱ्याचं, असं असू शकतं, आणि पीक काढणाऱ्याने मालकाला खंड द्यायचा असतो. फरक इतकाच की खऱ्या शेतात एका वेळी एकानेच नांगर धरायचा, इथे एकाच जमिनीवर हजार जण एकाच वेळी पीक काढू शकतात आणि तरी जमिनीचा कस कमी होत नाही, उलट वाढतो.

दुसऱ्याच्या जमिनीवर काढलेलं असं नवं पीक म्हणजे कव्हर व्हर्जन. आणि जमिनीच्या मालकीचा सगळा कारभार, म्हणजे खंड ठरवणं, वसूल करणं, वाटून देणं, याला पब्लिशिंग म्हणतात. नावावरून पुस्तकं छापत असतील असं वाटतं, कारण पूर्वी खरंच गाण्याचे छापील कागद विकले जायचे, नाव तेच राहिलं.

टेलर स्विफ्टकडे जमिनीचा हक्क होता, पीक रेकॉर्ड कंपनीचं होतं आणि ते कंपनीने २०१९ मध्ये परस्पर विकलं. म्हणून तर ती तीच गाणी पुन्हा गाऊन स्वतःच्या मालकीचं नवं पीक काढू शकली, २०२१ ते २०२३ मध्ये चार अल्बम तिने असे नव्याने केले, आणि शेवटी जुनं पीकही परत विकत घेतलं. झालं, मावशीचा प्रश्न संपला. आता आपलं गाणं.

## हे गाणं नवऱ्यासाठी नाही, बॉससाठी लिहिलंय

डॉली पार्टन १९६७ मध्ये पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये आली. तो तेव्हा कंट्री म्युझिकमधला मोठा माणूस, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जे गिटार-फिडलवालं गावाकडचं संगीत, त्यातला. त्याच्यामुळे ती घराघरांत पोचली, दोघांची ड्युएट्स गाजली, पण सहा-सात वर्षांत तिला कळून चुकलं की इथे राहिलो तर आपण कायम 'पोर्टरच्या शोमधली मुलगी' राहणार. ती जायचं म्हणायची, तो ऐकायचा नाही, रोज भांडणं. शेवटी १९७३ मध्ये ती घरी गेली, एक गाणं लिहिलं आणि त्याच्या ऑफिसात जाऊन ते त्याला गाऊन दाखवलं. तिने नंतर अनेकदा सांगितलंय की तो रडला, आणि जा म्हणाला.

म्हणजे हे निरोपाचं गाणं आहे. मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन म्हणून जाते, तुझं भलं होवो, असा त्याचा सगळा भाव. नवरा-नवरी स्टेजवर चढताना हे लावणं म्हणजे गृहप्रवेशाला 'निघालो घेऊन दत्ताची पालखी' लावण्यासारखंही नाही, ती निदान येते तरी, इथे बाई चालली आहे सोडून! असो, डीजेचं काय चुकलं, जगभर हेच चालतं.

जून १९७३ मध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये रेकॉर्डिंग झालं, १९७४ मध्ये ते बाहेर आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंट्री चार्टवर पहिलं. ते रेकॉर्डिंग कधी ऐकलं नसेल तर ऐका, जेमतेम तीन मिनिटांचं, अगदी हळू, आणि शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. हे कडवं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

जाता जाता, गाणं ऐकून रडलेल्या पोर्टरने १९७९ मध्ये करार मोडल्याबद्दल तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, पुढे दोघांचं गोडही झालं, पण रडणं एकीकडे आणि कागद एकीकडे हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं. डॉलीला तर जास्तच.

## एल्विस, कर्नल आणि चार आणे

गाणं कंट्री चार्टवर गाजल्यावर एल्विस प्रेस्लीचा निरोप आला की मला हे गायचंय. एल्विस! तेव्हा त्याने तुमचं गाणं गाणं म्हणजे लॉटरीच, डॉली हरखून गेली, सगळ्यांना सांगून मोकळी झाली. आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री एल्विसचा मॅनेजर टॉम पार्कर, ज्याला सगळे कर्नल म्हणायचे, त्याचा फोन आला की एल्विस जे गाणं गातो त्याच्या पब्लिशिंगचा कमीत कमी अर्धा हिस्सा आम्हाला लागतो, ही आमची पद्धत आहे.

हा हिस्सा म्हणजे नक्की किती? गाण्याच्या जमिनीचं उत्पन्न साधारण असं वाटलं जातं की रुपयातले आठ आणे लिहिणाऱ्याचे आणि आठ आणे पब्लिशरचे. डॉलीने स्वतःच्या मामाबरोबर १९६६ मध्येच पब्लिशिंग कंपनी काढून ठेवली होती, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यामुळे दोन्ही आठ आणे घरातच. कर्नल मागत होता पब्लिशरच्या आठ आण्यांतले चार. ऐकायला कमी वाटतं, पण हे चार आणे एल्विसच्या रेकॉर्डचे नव्हते, गाण्याचे होते. म्हणजे पुढे कोणीही, कधीही, जगात कुठेही ते गाणं गायलं की त्यातले चार आणे त्यांच्याकडे. सातबाऱ्यावरच नाव लावा म्हणत होता तो, एका हंगामाच्या पिकात वाटा द्या असं नाही.

डॉलीने नाही म्हटलं. रात्रभर रडले असं तिने स्वतः सांगितलंय. आजूबाजूचे लोक वेडीच म्हणाले असणार, आणि आपण तिथे असतो तर आपणही म्हणालो असतो.

## थांबा, मग एल्विसने तसंच का नाही गायलं?

हा प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं पडला होता, कारण अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे एल्विसला डॉलीची परवानगी लागतच नव्हती! गोष्ट अशी आहे की १९०० च्या आसपास तिकडे आपोआप वाजणारे पियानो आले, कागदाच्या भोकं पाडलेल्या गुंडाळीवर चालणारे. १९०८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, सबब संगीतकाराला काही देणं लागत नाही. संगीतकार अर्थातच खवळले. पण उलट सगळा हक्क त्यांना द्यावा तर भीती ही की एकच बडी कंपनी सगळ्या गाण्यांचे हक्क घेऊन बसेल. म्हणून १९०९ च्या कायद्यात मधला रस्ता काढला, की गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड कोणी करायचं हे मालक ठरवेल, पण एकदा ते बाजारात आलं की कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो, फक्त सरकारने ठरवलेला खंड द्यायचा. दर प्रतीला दोन सेंट. आणि गंमत म्हणजे हा दोन सेंटचा दर १९७८ पर्यंत तोच राहिला, जवळजवळ सत्तर वर्षं, आपल्याकडच्या पागडीच्या भाड्यासारखा.

आपल्या कूळकायद्याची थोडी आठवण येते ना? मालक कसू देत नाही म्हणू शकत नाही, फक्त खंड घेऊ शकतो. अट एकच, गाण्याची मूळ चाल आणि मूळ स्वभाव बदलायचा नाही, आपल्या ढंगात बसवण्यापुरती मोकळीक आहे.

म्हणजे कर्नलला परवानगीची अडचण कधीच नव्हती. त्याला पूर्ण खंड द्यायचा नव्हता. एल्विसच्या नावाच्या जोरावर लिहिणाऱ्यांच्या हिश्शातून वाटा काढणं हा त्याचा धंदा होता, आणि एका बाईला सोडलं तर उद्या सगळेच नाही म्हणतील. तेव्हा त्याने गाणंच सोडलं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा हट्टी माणूस कर्नल आहे, डॉली नव्हे. तिने फक्त आपलं होतं ते दिलं नाही.

## जॅकपॉट लागला तो एका गळालेल्या कडव्यासकट

एल्विसची संधी गेली, गाणं राहिलं. १९७५ मध्ये लिंडा रॉन्स्टॅड या गायिकेने ते तिच्या अल्बममध्ये गायलं, छान, शांत. १९८२ मध्ये डॉलीने स्वतःच एका सिनेमासाठी पुन्हा रेकॉर्ड केलं आणि ते पुन्हा कंट्री चार्टवर पहिलं आलं, तेच गाणं, तीच गायिका, आठ वर्षांनी. तरी पॉपच्या मुख्य चार्टवर तेव्हा ते ५३ वर अडकलं, म्हणजे कंट्री ऐकणाऱ्यांच्या बाहेर फारसं गेलंच नव्हतं.

मग १९९२ चा 'द बॉडीगार्ड'. केविन कॉस्टनर हिरो आणि निर्मात्यांपैकी एक, व्हिटनीचा पहिलाच सिनेमा. शेवटी जे गाणं घ्यायचं ठरलं होतं ते दुसऱ्या एका सिनेमात येतंय असं कळल्यावर पळापळ झाली आणि कॉस्टनरने रॉन्स्टॅडचं हे जुनं कव्हर पुढे केलं. म्हणजे व्हिटनीने डॉलीचं गाणं घेतलं असं आपण म्हणतो पण ते आलं कव्हरच्या वाटेनं. आणि रॉन्स्टॅडच्या रेकॉर्डिंगमध्ये ते शेवटचं बोललेलं कडवं नव्हतंच. संगीत करणारा डेव्हिड फॉस्टर डॉलीशी फोनवर बोलला तेव्हा तिच्या हे लक्षात आलं, आणि तिने ते कडवं फोनवर सांगितलं. ते नसतं तर गाण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जिथे ती त्याला सुख आणि त्याहून जास्त प्रेम मिळो म्हणते, तोच गेला असता.

सिनेमात वापरायला मात्र तो सरकारी खंडवाला नियम चालत नाही. चित्राबरोबर गाणं जोडायचं तर मालकाची परवानगी हवीच, आणि मालक मागेल ती रक्कम. सिनेमात एका बारमध्ये दोघं नाचतात तेव्हाही मागे हेच गाणं वाजतं, पुरुषाच्या आवाजातलं, जॉन डो नावाच्या गायकाचं. एका सिनेमात एकाच गाण्याची दोन कव्हर्स, लिहिणारी त्या सेटवर कुठेच नाही.

## पांढरी सहा ते पांढरी सात

व्हिटनीने नक्की काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, पैशाचा हिशोब थांबू दे जरा.

सुरुवातीला वाद्यंच नाहीत. जवळजवळ पाऊण मिनिट नुसता आवाज, आपल्याकडे बैठकीत तानपुराही बंद करून कोणी आलाप सुरू केला तर जसं सगळे चूप होतील तसं. रेडिओवाले हे लावणार नाहीत अशी रेकॉर्ड कंपनीत धास्ती होती, कॉस्टनर अडून बसला, कारण कथेत तिला त्याच्याबद्दल खरंच काय वाटतं हे दाखवायला त्याला तो उघडा आवाज हवा होता. मग हळूहळू वाद्यं येतात, कर्क व्हेलमचा सॅक्सोफोन येतो, आणि मग तो सुप्रसिद्ध क्षण, सगळं थांबतं, एक सेकंद शांतता, ड्रमचा एक दणका आणि आवाज एकदम वरच्या पट्टीत.

हार्मोनियमवाल्यांसाठी सांगतो, पांढरी सहामधून थेट पांढरी सात. ऐन समेवर पट्टी बदलून, ते पण तिहाईशिवाय, नुसत्या शांततेवर. आणि एकेका शब्दावर ती ज्या हरकती घेते, एका स्वरात संपणारा 'आय' ती पाच-सहा स्वरांवरून फिरवून आणते, ती सवय चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यातून आलेली. डॉलीचं रेकॉर्डिंग दारात उभं राहून हळूच जाते म्हणणाऱ्या बाईचं आहे. व्हिटनीचं ऐकताना वाटतं ही बाई स्टेशनवर, गाडी सुटलेली, आणि प्लॅटफॉर्मच्या शेवटापर्यंत ऐकू जावं म्हणून म्हणतेय. शब्द तेच आहेत.

(मला जास्त कुठलं आवडतं? रात्री उशिरा डॉलीचं. मोठ्या स्पीकरवर व्हिटनीचं. इथे भांडण लावू नका.)

डॉलीने ते पहिल्यांदा ऐकलं गाडी चालवताना, रेडिओवर. सुरुवातीचा उघडा आवाज ऐकून काहीतरी ओळखीचं वाटलं, आणि ध्रुवपद आलं तेव्हा गाडी बाजूला घ्यावी लागली असं ती सांगते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सिंगल (म्हणजे अल्बमबाहेर सुटं विकलं जाणारं गाणं) आलं आणि अमेरिकेत १४ आठवडे सलग पहिल्या नंबरवर राहिलं, ब्रिटनमध्ये १०.

## आता हिशोब

पीक विकलं की जमीनमालकाला प्रत्येक प्रतीमागे जो खंड मिळतो त्याला मेकॅनिकल रॉयल्टी म्हणतात, नाव त्या पियानोच्या यंत्रामुळेच पडलेलं. १९९२ मध्ये तो दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ६.२५ सेंट होता, आणि व्हिटनीचं रेकॉर्डिंग साडेचार मिनिटांचं. सहा सेंट म्हणजे काहीच नाही ना? आता गुणाकार करा. 'बॉडीगार्ड'चा अल्बम एकट्या अमेरिकेत किमान १ कोटी ८० लाख प्रतींसाठी प्रमाणित आहे. १ कोटी ८० लाख गुणिले ६.२५ सेंट, सव्वाअकरा लाख डॉलर. सिंगलच्या तेव्हाच्या चाळीस लाख प्रती धरा, आणखी अडीच लाख डॉलर. हा फक्त अमेरिकेतला, फक्त विक्रीचा, ढोबळ आकडा, नंतर दर वाढत गेले ते सोडून. जगभरात अल्बमचा खप ४ कोटींच्या वर सांगितला जातो, आणि सिनेमाच्या परवानगीचे, टीव्हीचे, रेडिओचे वेगळे.

रेडिओचा भाग तर ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की शब्द-चालीच्या मालकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आणि रेकॉर्ड कंपनीला शून्य! त्यांचं म्हणणं, रेडिओमुळे तुमची फुकट जाहिरात होते की. जगातल्या बहुतेक देशांत असं नाही, पण तिकडे अजून हेच आहे. म्हणजे १४ आठवडे दिवसरात्र व्हिटनीचा आवाज वाजत होता आणि मीटर पडत होतं डॉलीचं.

कर्नलचे चार आणे यातून काढून बघा म्हणजे त्या रात्रीचं रडणं किती स्वस्त पडलं ते कळेल.

यातल्या पैशांतून डॉलीने नॅशव्हिलमध्ये काळ्या लोकांच्या वस्तीतली एक व्यापारी जागा घेतली, व्हिटनीची आठवण म्हणून, हे तिने २०२१ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात सांगितलं.

## "पण मोठं तर व्हिटनीने केलं, मग हा अन्याय नाही का?"

हा आक्षेप हमखास येतो. पहिलं म्हणजे व्हिटनी रिकाम्या हाताने राहिली नाही, रेकॉर्डच्या विक्रीतला गायिकेचा वाटा, सिनेमाचं मानधन, पुढचे कार्यक्रम हे सगळं तिचं. १९९४ च्या ग्रॅमीत वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्ड हा पुरस्कारही तिच्या रेकॉर्डिंगला, म्हणजे पिकाला मिळाला. दुसरीकडे ऑस्करमध्ये 'ओरिजिनल साँग' हा पुरस्कार जमिनीला असतो, गाणं त्याच सिनेमासाठी नव्याने लिहिलेलं हवं, त्यामुळे त्याच सिनेमातल्या दुसऱ्या दोन गाण्यांना नामांकन मिळालं आणि ज्या गाण्याने सिनेमा लोकांच्या लक्षात आहे ते यादीतच नव्हतं. नियम एकदा या बाजूने लागतो, एकदा त्या.

आणि रेडिओचा पैसा गायिकेला मिळत नाही हा अन्याय वाटत असेल तर मलाही वाटतो, पण तो डॉलीने केलेला नाही, तो रेडिओने आणि कायद्याने केलेला आहे. गायकाला वाटा हवा की नको हे भांडण आपल्याकडेही झालंय की. साठच्या दशकात लतादीदींचं म्हणणं होतं की रेकॉर्ड विकली जाते ती आमच्या आवाजावर, गायकाला रॉयल्टी हवी, रफीसाहेबांचं म्हणणं एकदा मानधन घेतलं की हिशोब संपला, आणि त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नव्हते.

## "कव्हर म्हणजे शेवटी चोरीच ना?"

नाही. खंड भरून आणि मूळ नाव लावून केलं तर नाही. जुन्याची चाल उचलायची आणि खाली आपलंच नाव लावायचं ती चोरी. शब्द बदलले, मध्ये रॅप घातला, दोन गाणी एकात एक मिसळली, तर ते कव्हर राहत नाही, मूळ कलाकृतीत बदल होतो, त्याला मालकाची वेगळी परवानगी लागते. आणि मूळ रेकॉर्डिंगचाच तुकडा कापून वापरला तर जमिनीबरोबर पीकवाल्याचीही परवानगी, दोन सातबारे म्हटलं ना.

## आपल्याकडे काय?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कव्हरची सोय त्यातही होती, नोटीस आणि रॉयल्टी देऊन, आणि ऐंशीच्या दशकात टी-सीरीजने जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेट काढल्या त्या याच वाटेनं, आपल्यापैकी कितीतरी जणांनी रफी-मुकेश पहिल्यांदा दुसऱ्याच्याच आवाजात ऐकले, प्रवासात, एसटीच्या स्टँडवर घेतलेल्या कॅसेटवर.

२०१२ मध्ये नियम कडक झाले. आता पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, तांत्रिक गरज सोडून गाण्यात बदल करायचा नाही, आणि वेष्टनावर 'हे कव्हर व्हर्जन आहे' असं छापायचं, मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही. म्हणजे घरात गिटार घेऊन गाणाऱ्याला हा रस्ता परवडणारा नाहीच, तो कंपन्यांसाठी आहे.

त्याहून मोठा फरक मात्र वेगळा आहे. डॉलीने चार आणे दिले नाहीत म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण आपल्या गीतकार-संगीतकारांकडे बहुतेक वेळा नाही म्हणायला काही नव्हतंच. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पैसे घेऊन सिनेमासाठी गाणं केलं आणि वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक निर्माता. त्यामुळे गाणं सुपरहिट झालं, पुन्हा पुन्हा गायलं गेलं, तरी लिहिणाऱ्याला काही नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्या अवस्था. जावेद अख्तर राज्यसभेत यावर भांडले आणि २०१२ च्या त्याच दुरुस्तीत आलं की मालकी कोणाकडेही असो, गीतकार-संगीतकाराचा सिनेमाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येणार नाही, वारसाला किंवा त्यांच्या कॉपीराइट सोसायटीला सोडून. कर्नलसारखा फोन आज मुंबईत आला तर निदान तेवढं कुंपण आहे.

## आणि भाचीचा व्हिडिओ

हे सगळं ऐकून माझी भाची घाबरली, कारण तिने मागच्याच महिन्यात हेच गाणं युकुलेलेवर गाऊन यूट्यूबवर टाकलं होतं आणि तिला 'कॉपीराइट क्लेम'चा मेल आला होता, तिला वाटलं पोलीस येणार. तर तसं नसतं. क्लेम म्हणजे यूट्यूबच्या यंत्राने चाल ओळखली, व्हिडिओ राहू दिला, पण त्यावर जाहिराती लागल्या तर पैसे गाण्याच्या मालकाकडे. स्ट्राइक वेगळी, तिच्यात मालक व्हिडिओच काढायला लावतो आणि अशा तीन झाल्या तर चॅनल जाऊ शकतं. तिला नुसता क्लेम होता.

मग तिने व्हिडिओ उघडून आकडा बघितला, ८३ व्ह्यूज, त्यातले निम्मे आजीचे. म्हणाली, मामा, ८३ चे जे काय होतात ते पाठवून दे म्हणावं नॅशव्हिलला, मी काही अडवणार नाही.